यादी पडद्यापासून सुरू कर

पत्राचा गोषवारा: महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. शिकवण्या घेऊन तिने दोन वर्षं पैसे साठवले, आता गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करायचा आहे. रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर व्हॅलरंट खेळते. सुट्टीत एल्डन रिंग आणि सायबरपंक २०७७ खेळायचे आहेत. घरात १९२० बाय १०८० चा, ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या दादाने तिला यादी करून दिली आहे. त्याचं म्हणणं, 'प्रोसेसर एकदाच मोठा घे, कार्ड काय कधीही बदलता येतं.' एकूण रकमेचे १०० भाग धरले तर यादी अशी: रायझन ७ ५८००एक्स २८, लिक्विड कूलर ९, एक्स५७० मदरबोर्ड १७, दिव्यांची ३२ जीबी रॅम ११, काचेचं कॅबिनेट ९, २५६ जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क मिळून ८, आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड १८. एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमधला, 'साडेचारशे वॅटचा आहे, चालतो.' हेडफोन आणि विंडोजसाठी काहीच उरत नाही. तिचा प्रश्न: कार्ड आणखी छोटं घेऊन तिथे बचत करू का?

प्रिय मैत्रिणी,

कार्डाला हात लावू नकोस. यादीत सगळ्यात अपुरी पडणारी वस्तू तीच आहे. तिच्यावरून आणखी कापलंस तर २८ भागांचा प्रोसेसर नुसता बसून राहील.

दादाची यादी चुकीची नाही. ती त्याच्या कामाची यादी आहे. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना आठही कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) राबतात, ३२ जीबी रॅम खरंच भरते आणि तासन् तास चालणाऱ्या भारासाठी मोठा कूलर उपयोगी पडतो. खेळाचं गणित वेगळं असतं. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर जेमतेम ७. एवढ्या वेळात प्रोसेसर खेळातलं जग पुढे सरकवतो, कोण कुठे आहे ते ठरवतो आणि कार्डाला चित्राची ऑर्डर देतो. कार्ड ते चित्र रंगवतं. दोघांपैकी जो मागे राहील त्याचाच वेग तुला पडद्यावर दिसतो.

रिझोल्युशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची संख्या) वाढलं की प्रोसेसरचं काम फारसं वाढत नाही, कार्डाचं मात्र वाढतं. १०८०पी मध्ये, म्हणजे तुझ्या १९२० बाय १०८० मध्ये, एका फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख, ४के मध्ये ८३ लाख. म्हणून यादी प्रोसेसरपासून सुरू केली की ती फसते. आधी पडदा आणि खेळ ठरवायचे, मग त्यांना पुरेल असं कार्ड, मग त्या कार्डाला रखडत ठेवणार नाही एवढा प्रोसेसर, आणि उरलेलं सगळं त्यामागे. तुझ्या यादीत मॉनिटर नाहीच, कारण तो 'घरात आहे'. मला तिथेच पहिली शंका आली.

तुझे तीन खेळ त्या मॉनिटरवर ठेवून बघ. व्हॅलरंट हा कार्डासाठी हलका खेळ आहे, तिथे प्रोसेसर महत्त्वाचा. सहा कोअरच्या साध्या आधुनिक प्रोसेसरवरही तो २०० एफपीएसच्या (सेकंदाला २०० फ्रेमच्या) वर जातो. पण ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. माऊसचा प्रतिसाद किंचित सुधारतो हे खरं, तरी बाकीच्या फ्रेम तू पाहतच नाहीस. एल्डन रिंग कॉम्प्युटरवर मुळातच ६० एफपीएसला बांधलेला आहे, त्यामुळे तिथे तुझा मॉनिटर अजिबात कमी पडत नाही. राहिला सायबरपंक. तो कार्डाची परीक्षा घेतो, आणि तुझ्या यादीतलं कार्ड नेमकं तिथे अडकेल. आठ कोअरच्या प्रोसेसरची गरज या तिघांपैकी कोणालाच नाही.

यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतः तपासून बघ. दादाच्या मशीनवर एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम टाक आणि खेळताना कोपऱ्यात कार्डाचा वापर आणि एफपीएस दिसतील असं कर. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के असेल तर कार्ड अडवतंय. वापर ६० टक्क्यांवर घुटमळतोय आणि रिझोल्युशन खाली आणूनही एफपीएस वाढत नाही, तर प्रोसेसर अडवतोय. हे पाहताना व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेव, नाहीतर दोन्ही निवांत दिसतील. प्रोसेसरच्या एकूण वापराच्या आकड्यावर जाऊ नकोस. आठ कोअरपैकी एकच पूर्ण दमलेला असला तरी एकूण आकडा ३० टक्के दिसू शकतो. अर्ध्या तासाच्या या प्रयोगाने तुझं आणि दादाचं निम्मं भांडण मिटेल.

आता कार्ड. आरएक्स ६५०० एक्सटीच्या अडचणी तीन. एक, त्याची मेमरी ४ जीबी आहे. सायबरपंकसारख्या खेळात टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) तेवढ्यात मावत नाहीत आणि जादाचा माल साध्या रॅममधून येऊ लागतो. तेव्हा सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण वळताना, गाडी चालवताना चित्र अडखळतं. दोन, हे कार्ड मदरबोर्डशी फक्त चार लेननी बोलतं. या दोघांना जोडणाऱ्या वाटेला पीसीआयई म्हणतात. पीसीआयई ४.० बोर्डावर ते निभावतं, ३.० बोर्डावर लावलं की तो अडखळा आणखी वाढतो. तीन, त्यात व्हिडिओ एन्कोडर (चित्राची व्हिडिओ फाइल बनवणारा भाग) नाही, म्हणजे खेळ रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करायचा झाला की तो भार प्रोसेसरवर. दादाच्या घरात हे तिसरं कारणही हलकं नाही.

१०८०पी साठी आज किमान ८ जीबी मेमरीचं कार्ड धर. आरएक्स ६६०० हे याचं साधं, सरळ उदाहरण: ८ जीबी, १३२ वॅट. त्याच्या वरच्या पायरीला आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०. तिन्ही ८ जीबीचीच. पुढे १४४०पी मॉनिटर घ्यायचा बेत असेल तर १२ किंवा १६ जीबीचा विचार कर, कारण कार्डाचा वेग सेटिंग कमी करून सांभाळता येतो, मेमरी संपली की सांभाळणं कठीण. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी देतं, पण त्याला मदरबोर्डावर रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) सुरू असावाच लागतो आणि जुन्या किंवा मध्यम प्रोसेसरबरोबर ते नवीन प्रोसेसरइतकं पळत नाही. खाली मी तुला जो प्रोसेसर सुचवणार आहे त्याच्याबरोबर मी ते घेणार नाही.

नावांच्या सापळ्यात मात्र पडू नकोस. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल म्हणजे ८ जीबी मॉडेलमधून नुसती २ जीबी मेमरी काढलेली नाही. त्यात कोअरही कमी आहेत आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटऐवजी ९६ बिटचा आहे. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी मॉडेल १९२ बिटचं, ८ जीबीचं १२८ बिटचं. आरएक्स ५८० च्या नावाखाली '२०४८एसपी' लिहिलेली कार्डं मिळतात, त्यांत मूळच्या २३०४ ऐवजी २०४८ शेडर (चित्र रंगवणारे छोटे कोअर) असतात. खोक्यावरचं मोठं नाव वाचून थांबू नये, खालची बारीक ओळ वाचावी. दोन फॅनचं की तीन फॅनचं यावर पैसे घालू नकोस. १३०-१५० वॅटच्या कार्डाला दोन फॅन भरपूर होतात.

प्रोसेसरसाठी तुझ्या यादीतल्याच एएम४ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) रायझन ५ ५६०० घे. सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ६५ वॅट, खोक्यातच कूलर. तू घेशील त्या कार्डाबरोबर ५८००एक्स आणि याच्यातला फरक खेळताना शोधावा लागेल. ५८००एक्सबरोबर कूलर येत नाही आणि तो पूर्ण भारावर १४२ वॅटपर्यंत वीज घेतो, म्हणून त्याच्यामागे लिक्विड कूलरचे ९ भाग आले. प्रोसेसर बदलला की कूलरचा खर्च आपोआप गळतो, आणि एक्स५७० बोर्डाची गरजही. खोक्यातल्या कूलरचा आवाज नकोसा झाला तर पुढे कधीतरी एकच फॅनचा साधा टॉवर कूलर लाव. एक खबरदारी: ५६००, ५५०० आणि ५६००जी ही भावंडं वाटतात, पण ५५०० आणि ५६००जी मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) ३२ एमबीऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई ३.० च आहे. विकणारा 'सेमच आहे' म्हणाला तरी सेम नाही. इंटेलच्या बाजूला याच वजनाचा प्रोसेसर आय५ १२४००एफ. त्यातल्या 'एफ'चा अर्थ आत डिस्प्ले नाही. ५६०० मध्येही नाही. कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं तर त्या दिवसांत कॉम्प्युटर काळा राहील, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

'एकदाच मोठा घे' या वाक्याचा जरा विचार करू. आज न वापरलेले दोन कोअर चार वर्षांनी कामाला येतील अशी त्यात कल्पना आहे. पण चार वर्षांनी येणारा मधल्या पट्टीचा प्रोसेसर प्रत्येक कोअरमागेच जास्त वेगवान असतो. टिकाऊपणा कोअरपेक्षा सॉकेटमध्ये असतो. रायझन बनवणाऱ्या एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ साली आला. २०१७ मध्ये पहिला रायझन लावलेल्या अनेक बोर्डांवर बायॉस (बोर्डाचा मूळ प्रोग्राम) बदलून २०२२ सालचा ५८००एक्स३डी बसला. तेवढ्या काळात इंटेलचे सॉकेट बदलत गेले. त्यांचा पुढचा एलजीए१७०० सॉकेट १२, १३ आणि १४ या तीन पिढ्यांपुरता चालला. मग आज एएम४ का सुचवतेय? तो रस्ता आता संपला आहे हे खरं. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला एएमडीने २०२७ आणि पुढेही साथ द्यायचं म्हटलं आहे, पण तिथे नव्या पिढीची डीडीआर५ रॅम सक्तीची आहे आणि प्रोसेसर, बोर्ड, रॅम या तिघांचं मिळून बिल वाढतं. वाढलेले ते भाग तुझ्या कार्डातूनच जाणार. तू दोन-तीन वर्षांत प्रोसेसर बदलणाऱ्यांतली असशील आणि खरेदी चार-सहा महिने पुढे ढकलता येत असेल तर एएम५ वर रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० बघ. नोकरी लागेपर्यंत हात लावणार नसशील तर ५६०० बरा, आणि तेव्हा बोर्डासकट सगळं बदल. हा निर्णय तुझ्या स्वभावावर अवलंबून आहे, मी तुझ्यासाठी घेऊ शकत नाही. पण पत्रावरून तू दुसऱ्या गटातली वाटतेस.

बोर्ड बी५५० चा घे. त्यावर कार्डाला आणि मुख्य एसएसडीला पीसीआयई ४.० मिळतं. ए५२० आणि बी४५० वर ३.० च आहे. रॅमचे चार स्लॉट, प्रोसेसरजवळच्या पॉवर सर्किटवर निदान एक हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण, एवढं पाहा. हे बटण असलं की जुना बायॉस घेऊन आलेला बोर्डही पेन ड्राइव्हवरून अद्ययावत होतो, आधी दुसरा प्रोसेसर उसना आणावा लागत नाही. वायफायवाला बोर्ड नसला तरी चालेल. व्हॅलरंटसाठी शक्य असेल तर राऊटरपासून केबलच ओढ.

रॅम ३२ जीबीऐवजी १६ जीबी, पण ८ च्या दोन पट्ट्या. एकच १६ ची पट्टी घेऊन 'दुसरी नंतर' हा विचार मोहात पाडतो आणि महाग पडतो. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेते, दोन मिळून ५१.२. प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या खेळांत, म्हणजे तुझ्या व्हॅलरंटमध्ये, हा फरक जाणवतो. ३२०० सीएल१६ ची जोडी एकाच पाकिटातली घे. पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसव. आणि बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या लेबलवरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू कर. ते न केल्यास तीच रॅम २१३३ किंवा २६६६ वर धावते आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. एएम५ चा रस्ता धरणाऱ्यांनी मात्र १६ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. तिथे चार पट्ट्या लावल्या की वेग बराच खाली येतो, त्यामुळे 'नंतर दोन वाढवू' जमत नाही.

हार्ड डिस्क यादीतून काढून टाक. सायबरपंकने २०२३ पासून किमान अटींतच एसएसडी घातली आहे, जागा ७० जीबी. २५६ जीबीच्या एसएसडीवर विंडोज, व्हॅलरंट आणि हा एक खेळ आला की दार बंद, मग बाकी खेळ हार्ड डिस्कवर जातात आणि तिथे दरवेळी वाट बघत बसायचं. दोन्ही मिळून जे ८ भाग आहेत त्यात १ टीबीची एकच एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी) घे. साटा एसएसडी (केबलने जोडायची जुनी पद्धत) सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडते, पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई ३,५०० पर्यंत, ४.० ची ७,००० पर्यंत. पण खेळ सुरू व्हायला लागणाऱ्या वेळात साटा आणि एनव्हीएमईतला फरक त्या आकड्यांएवढा कधीच दिसत नाही. म्हणून सगळ्यात वेगवान नको, नावाजलेल्या बनावटीची आणि पाच वर्षांच्या वॉरंटीची बघ.

आता ज्या वस्तूला तू शून्य भाग दिलेस तिच्याकडे येते. एसएमपीएस.

जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमधला एसएमपीएस उघडू नकोस, नुसतं बाहेरचं लेबल वाच. '४५०' हा आकडा सोड आणि '+१२व्ही' च्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहा. त्याला १२ ने गुण. १७ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर मिळणार २०४ वॅट. आजचा प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. जुन्या एसएमपीएसमध्ये बाकीची क्षमता ५ आणि ३.३ व्होल्टवर अडकलेली असते, ती तुला कामाची नाही. तुझ्या नव्या यादीचा हिशोब असा: ५६०० पूर्ण भारावर ७६ वॅट, कार्ड १३० ते १६५, बोर्ड-रॅम-एसएसडी-फॅन मिळून ५० धर. म्हणजे ३०० च्या आत. पण कार्ड क्षणभरासाठी त्याच्या सरासरीच्या बरंच वर उसळी घेतं. ती उसळी झेपली नाही की खेळाच्या मध्येच पडदा काळा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू. इंटरनेट बघताना, सिनेमा बघताना काही होत नाही, त्यामुळे माणसं कार्डाला दोष देत दुकानाच्या फेऱ्या मारतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' एवढीच नोंद सापडते, जी फक्त 'वीज अचानक गेली' इतकंच सांगते.

दुसरा धोका आगीच्या जवळ जाणारा आहे. जुन्या एसएमपीएसला कार्डाची ६ किंवा ८ पिनची केबल नसतेच. मग कोणीतरी साटाच्या कनेक्टरवरून ८ पिन करून देणारा अडॅप्टर आणून देतं. साटाच्या पॉवर कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ५४ वॅटपेक्षा जास्त ओढायचे नसतात, आणि ८ पिनची जागा १५० वॅटसाठी आहे. ते प्लॅस्टिक वितळतं. हा अडॅप्टर कार्डाच्या खोक्यात फुकट आला तरी वापरू नकोस.

तेव्हा ५५० वॅटचा, '+१२व्ही' वर ४५ अँपिअरच्या आसपास देणारा, स्वतःची ६+२ पिन केबल असलेला नवा एसएमपीएस. '८० प्लस ब्राँझ' हे प्रमाणपत्र फक्त भिंतीतून घेतलेली वीज किती वाया जाते ते सांगतं. सुरक्षा सांगत नाही. जादा व्होल्टेज, जादा करंट, शॉर्ट सर्किट आणि तापमान या चारही संरक्षणांचा उल्लेख स्पेसिफिकेशनमध्ये शोध, आणि पाच वर्षांची वॉरंटी बघ. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर त्याच्याच केबल वापर. दुसऱ्या एसएमपीएसची केबल नीट बसली तरी आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी किंवा कार्ड त्याच क्षणी जळतं.

कॅबिनेटबद्दल थोडक्यात: पुढचं तोंड जाळीचं हवं, काचेचं बंद नको. पुढे दोन फॅन, मागे एक. कार्डाची लांबी मावते का ते मिलिमीटरमध्ये तपास. बस.

सगळं जुळवलं तर १०० पैकी कार्ड ३८, प्रोसेसर १६, बोर्ड ११, रॅम ९, एसएसडी ८, एसएमपीएस ८, कॅबिनेट ५. हे झाले ९५. उरलेले ५ हेडफोन आणि विंडोजकडे. रॅम आणि एसएसडीचे भाव वर्षभरातही खूप हलतात, त्यामुळे तिथे दोन-तीन भाग इकडेतिकडे होतील. ते वाढले तर बोर्ड आणि कॅबिनेटमधून काढ, एसएमपीएसमधून नको.

पण याच आकड्यांत एक दुसरी वाटही आहे, आणि मला ती तुझ्यासाठी जास्त आवडते. कार्डाचे ३८ भाग दोन ठिकाणी वाट. २६ मध्ये आरएक्स ६६०० च्या वर्गातलं कार्ड, १२ मध्ये १४४ किंवा १६५ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर. सायबरपंक मध्यम सेटिंगवर खेळावा लागेल. खेळातली एफएसआर ही सेटिंग 'क्वालिटी'वर ठेवलंस तर कार्ड आतून १२८० बाय ७२० रंगवून मोठं करतं. चित्र थोडं मऊ दिसतं, फ्रेम वाढतात. व्हॅलरंटमध्ये मात्र तुला रोज संध्याकाळी फरक दिसेल. तू रोज काय खेळतेस आणि सुट्टीत काय, याचे तास मोज. सायबरपंकसाठीच हा सगळा खटाटोप असेल तर पहिली वाट धर. फक्त फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमच्या मध्ये बनवलेली जादा फ्रेम घालणं) चालू करून एफपीएसचा आकडा फुगवू नकोस. मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची फ्रेम थांबवून ठेवावी लागते, त्यामुळे प्रतिसाद उशिरा येतो, आणि मुळात ३० एफपीएस असेल तर ते हाताला लगेच कळतं.

हे पत्र वाचणाऱ्या काहींचं बजेट याच्याही निम्मं असेल. त्यांनी कार्ड न घेता सुरुवात करावी: रायझन ५ ५६००जी किंवा एएम५ वर ८६००जी, आतल्याच ग्राफिक्सवर. व्हॅलरंटसारखा हलका खेळ त्यावर आरामात चालतो, सायबरपंकचं नाव घेऊ नये. इथे रॅमच्या दोन पट्ट्या हव्यातच, कारण आतलं ग्राफिक्स मेमरी म्हणून तीच रॅम वापरतं.

सेकंड हँडबद्दल तू विचारलेलं नाहीस, पण घरात कोणीतरी सुचवेलच. प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट जुनं घ्यायला हरकत नाही. एसएमपीएस आणि एसएसडी कधीच नको. कार्ड जुनं घेताना ते चालू कॉम्प्युटरमध्ये बघ: जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडून मॉडेल आणि मेमरी जुळते का ते पाहा, नाव बदलून विकलेल्या बऱ्याच नकली कार्डांना तो ओळखतो. मग एखादा जड खेळ किंवा चाचणी वीस मिनिटं चालव. चौकोन, ठिपके, रेघा दिसल्या किंवा फॅन खरखरला तर उठून ये. जीटीएक्स १० मालिकेची कार्डं स्वस्त दिसतात, पण त्यांचे खेळांसाठीचे नवे ड्रायव्हर २०२५ मध्ये थांबले, आणि इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल, डूम: द डार्क एजेस यांसारख्या खेळांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र रंगवण्याचं) हार्डवेअर लागतंच. आरटीएक्स २० किंवा आरएक्स ६००० मालिकेच्या मागे जाऊ नये. 'आय७' असा मोठा शब्द लिहिलेला, तिसऱ्या-चौथ्या पिढीचा बोर्ड-रॅमसकट मिळणारा जुना संच तर मुळीच नको. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर घेत नाही, आणि विंडोज ११ वर व्हॅलरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डावरच्या दोन सुरक्षा सोयी) सुरू लागतं. नव्या बोर्डावरही हे दोन्ही बायॉसमध्ये सुरू आहेत का ते विंडोज टाकण्याआधी बघून घे.

खरेदी एका आठवड्यात उरक. दर महिन्याला एक भाग घेतलास तर पहिल्या भागाची बदलून मिळण्याची मुदत शेवटचा भाग यायच्या आधी संपते, आणि बोर्ड मेलेला निघाला तर दुरुस्तीच्या रांगेत उभी राहशील. आधी सगळं कॅबिनेटच्या बाहेर, बोर्डाच्या खोक्यावर जोडून चालू कर: प्रोसेसर, कूलर, दोन रॅम, कार्ड, एसएमपीएस. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची प्रोसेसरची केबल विसरली जाते आणि ती नसली की फॅन फिरतात, पडदा उजळत नाही. खोक्यातल्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नकोस. मॉनिटरची केबल कार्डाच्या तोंडात लाव, बोर्डाच्या नाही. एएम५ वाल्यांनी पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं काळा पडदा सहन करावा, बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो आणि घाबरून बंद केलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

या जोडणीला दादाला बोलव. यादी बदलल्याचं सांगताना आफ्टरबर्नरचे आकडे समोर ठेव, त्याला ते तुझ्या शब्दांपेक्षा लवकर पटतील. तुझ्या कॉम्प्युटरवर त्याचं एडिटिंगही व्हावं अशी त्याची मनात इच्छा असेल तर तीही विचारून घे. तसं असेल तर रॅम ३२ जीबी ठेवायला खरं कारण मिळतं, आणि ते दोघांत वाटून घेता येईल. नवा मॉनिटर आला तर डिस्प्लेपोर्टची केबल लाव आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः १४४ वर ने. तो बहुतेकदा ६० वरच राहिलेला असतो.